क्लिनिकला घोडीला नेऊ की स्वतः जाऊ?

पत्र, थोडक्यात: डॅलसच्या उत्तरेला राहणाऱ्या एका मराठी मैत्रिणीचं पत्र आहे. पंचेचाळिशीच्या आसपास वय, आयटीत नोकरी. मुलगी कॉलेजला गेल्यावर वेस्टर्न रायडिंग, म्हणजे काउबॉय पद्धतीची घोडेस्वारी, शिकायला लागली, दोनेक वर्षं क्लासच्या घोड्यांवर बसली आणि मग स्वतःची घोडी घेतली. नऊ वर्षांची क्वार्टर हॉर्स जातीची, विकणाऱ्याने "एकदम शांत, कुणीही बसा" म्हणून दिलेली. सुरुवातीचे महिने छान गेले. आता घोडी रिंगणाच्या फाटकाशी जाऊन चिकटते, बार्नपासून (तबेल्यापासून) लांब न्यायचं म्हटलं की पाय रोवते, तंग (सॅडलचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे पाडते आणि एकदा तर दात दाखवून वळली. फेब्रुवारीत ट्रेलवरून परतताना ती बार्नकडे सुसाट सुटली आणि ही पडली ("फार काही नाही, खांदा थोडे दिवस दुखला, असो"). बार्नमधले लोक म्हणतात, ऑक्टोबरमध्ये तीन तासांवर एका नावाजलेल्या ट्रेनरचं चार दिवसांचं क्लिनिक (म्हणजे घोडे आणि स्वार यांचं शिबिर) आहे, तिथे ने, तो सरळ करेल. सगळा खर्च दीड हजार डॉलरच्या घरात. बार्नमधली नेहमीची इन्स्ट्रक्टर क्लिनिकचं नाव काढल्यापासून फुगून बसलीये, तिचं म्हणणं घोडी दोन महिने माझ्याकडे ट्रेनिंगला सोड. नवरा म्हणतो, हौस झाली, आता विक. तर ताई, कुठलं क्लिनिक माझ्या घोडीला सुधारेल आणि त्यात एवढे पैसे घालावेत का?

पत्रात ताई म्हटलंयस म्हणून मीही सरळ तू म्हणते, चालेल ना.

तुझा प्रश्न आहे की कुठलं क्लिनिक घोडीला सुधारेल, आणि इथेच घोडं पेंड खातं बघ. क्लिनिकमध्ये घोडी सुधारत नाही. म्हणजे चार दिवस ती गुणी बाळासारखी वागेलही, तो माणूस दोरी हातात घेईल, दहा मिनिटांत ती मान खाली घालून त्याच्या मागे मागे फिरायला लागेल, खुर्च्यांवर बसलेले लोक आ वासून बघतील, तू व्हिडिओ काढून सांगलीला पाठवशील. आणि मग मंगळवारी ऑफिस सुटल्यावर तू त्याच फाटकाशी जाशील तेव्हा तो माणूस तिथे नसणार, तू असणार. त्याच्याशी कसं वागायचं हे तिला कळलेलं असतं, तुझ्याशी कसं वागायचं ते तिला अजून तूच सांगायचंय.

ज्यांनी ही क्लिनिकं सुरू केली त्यांचंही हेच म्हणणं होतं. ओरेगनच्या रँचवर वाढलेला टॉम डॉरन्स (१९१० ते २००३) आणि आयडाहोचा रे हंट (१९२९ ते २००९) ही या परंपरेतली मोठी नावं, आज वेस्टर्नमध्ये जे जे सौम्य पद्धतीने शिकवतो म्हणतात त्यातल्या बहुतेकांची मुळं या दोघांपाशी जाऊन पोचतात. त्याआधी घोडा तयार करणं म्हणजे बांधायचा, सॅडल टाकायची, उड्या मारून मारून थकेपर्यंत वर बसायचं, असला प्रकार सर्रास चालायचा. रे हंटची गंमत माहितीये का, त्याच्याकडे होंडो नावाचा एक घोडा होता, चावायचा, लाथा झाडायचा, पाडायचा, आणि त्याला काही केल्या जमेना म्हणून तो टॉम डॉरन्सकडे गेला, आणि तिथून माणूसच बदलला. पुढे १९७० च्या दशकापासून तो गावोगाव क्लिनिकं घेत फिरला आणि सुरुवातीलाच सांगायचा की मी इथे घोड्याच्या बाजूने आलोय. म्हणजे फी भरणार स्वार आणि वकील घोड्याचा! तू हे मनाशी ठेवून गेलीस तर क्लिनिकचा उपयोग होईल, नाहीतर दीड हजार डॉलरचा तमाशा.

पण क्लिनिकच्या आधी एक गोष्ट, आणि ही मी प्रत्येकाला सांगते. तंग आवळताना कान मागे, दात दाखवणं, पूर्वी नव्हतं आता आहे. अगं हे ट्रेनिंग कमी पडल्याचं लक्षण नाहीये, आधी दुखण्याचं समज. घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत असतं, तो चरत असला नसला तरी, आणि आपण त्यांना स्टॉलमध्ये उभं करून दिवसातून दोनदा खुराक घालतो, मधले तास पोट रिकामं. त्यातून पोटात अल्सर होतात आणि हे फार कॉमन आहे. व्हेट दुर्बिणीने बघून नक्की सांगू शकतो, औषध आहे, ओमेप्राझोल, आपण माणसं पण घेतो तेच, फक्त घोड्याचं वेगळं येतं. स्वतःच्या मनाने देऊ नकोस, व्हेटला विचार, आणि बार्नवाल्यांना विचार की हिच्यापुढे दिवसभर गवत असतं का.

दुसरं, सॅडल. घोडी घेतलीस तेव्हा जी बसत होती ती आता बसतेच असं नाही, वर्षभरात घोडीची पाठ बदलते, वजन वाढतं, स्नायू भरतात किंवा उतरतात. सोपी परीक्षा सांगते, चांगला घाम येईपर्यंत काम झालं की सॅडल आणि खालचं पॅड उचलून पाठ बघ. सगळीकडे सारखा ओलावा हवा. खांद्यामागे दोन्ही बाजूंना पंजाएवढे कोरडे ठिपके दिसले तर तिथे सॅडल दाबतेय असा संशय घ्यायचा. तिथे पांढरे केस उगवले असतील तर हे जुनं दुखणं आहे. पॅडवर पॅड चढवून हे सुटत नाही, उलट आणखी घट्ट होतं, घट्ट बुटात जाड मोजे घालून काय होणार. आणि तंग एका दमात आवळायचा नाही: आधी नुसता लागेल इतका, मग दोन पावलं चालव, मग थोडा, मग बसायच्या आधी शेवटचा. बार्नमध्ये घाईघाईत एकाच हिसक्यात आवळणारे लोक मी इतके बघितलेत की घोडे अजून चावत कसे नाहीत याचंच नवल वाटतं.

दातांच्या टोकदार कडा वर्षातून एकदा कानशीने घासून घ्यायच्या असतात, खूर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून कापून. हे तू करत असशीलच. स्वार आणि सॅडल मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत राहावं असा साधारण ठोकताळा आहे, वेस्टर्न सॅडलच तीस-चाळीस पौंडांची असते हे हिशोबात धर. आणि हो, घोडीच्या तोंडात काय आहे ते तू लिहिलंच नाहीस. लांब दांड्यांची कर्ब बिट (तरफेसारखा दाब वाढवणारी तोंडातली कडी) असेल आणि तू घाबरून लगाम आखडत असशील तर तुझ्या हातातला थोडासा ताण तिच्या जबड्यापर्यंत कितीतरी पट होऊन पोचतो. इन्स्ट्रक्टरला विचारून काही दिवस साधी स्नॅफल (दांड्या नसलेली सौम्य कडी) लावून बघ.

व्हेटचे चार-पाचशे डॉलर जातील. क्लिनिकच्या आधी हेच खर्च कर. दुखणाऱ्या घोडीला तू चार दिवस लोकांसमोर फिरवलंस तर ती एवढंच शिकेल की बाईला कितीही सांगितलं तरी कळत नाही.

आता त्या कंसातल्या वाक्याबद्दल. "फार काही नाही, खांदा थोडे दिवस दुखला, असो." अख्ख्या पत्रात फाटक, फी, ट्रेनर, नवरा सगळं पानभर आणि पडलीस ते कंसात. क्वार्टर हॉर्स हे नावच मुळी पाव मैलाच्या शर्यतीवरून पडलंय, थोड्या अंतरात या जातीचा हात धरणारं कुणी नाही, उभ्या जागेवरून ती जी सुटते ती आपल्याला कळायच्या आत सुटलेली असते. अशा घोडीवरून पडलीस आणि तुला भीती बसली नाही असं तू मला सांगू नकोस. भीती वाटणं यात कमीपणा काहीच नाही. फक्त ती लपवायची नाही, कारण आपण माणसांपासून लपवू शकतो, घोडीपासून नाही. तुझी मांड आवळली जाते, गुडघे चिकटतात, श्वास अडकतो, हात वर येतात, आणि खाली ती विचार करते की वरच्या बाईला काहीतरी दिसलंय, मला दिसत नाहीये, पळायला तयार राहिलेलं बरं. फेब्रुवारीनंतर फाटकाचा त्रास वाढला का सांग मला. पत्रात तारखा नाहीत पण मला तसं वाटतंय.

या भीतीवर क्लिनिक हे औषध नाही. पंधरा अनोळखी घोडे, माइकचा आवाज, कडेला प्रेक्षक, सगळ्यांच्या डोक्यावर मोठमोठ्या हॅट आणि त्यात आपण एकटे भारतीय, तिथे तू आणखी आखडशील. भीतीवर औषध म्हणजे म्हाताऱ्या, समंजस, सगळं बघून झालेल्या घोड्यावर काही आठवडे बसणं. क्लासमध्ये ज्या घोड्यावर शिकलीस तो आहे ना अजून? आठवड्यातून एकदा त्याच्यावर बस. आणि हेल्मेट! वेस्टर्नमध्ये कुणी घालत नाही, मला एकटीला ऑड वाटतं, वगैरे मी ऐकणार नाही. एएसटीएमचा (अमेरिकेतल्या सुरक्षा मानकाचा) शिक्का असलेलं घे, आणि फेब्रुवारीत पडताना जे डोक्यावर होतं ते जमिनीला लागलं असेल तर टाकून दे, वरून चांगलं दिसलं तरी आतून ते गेलेलं असतं. तुझ्या बार्नच्या दारावर टेक्ससच्या कायद्याची पाटी असेल बघ, घोड्यापासून जी जोखीम उपजतच असते त्यातून इजा किंवा मृत्यू झाला तर आम्ही जबाबदार नाही अशा अर्थाची. आपण ती रोज बघतो आणि वाचत नाही.

बरं, फाटक. मी अंदाज सांगते, चुकला तर सांग. तू रिंगणात फिरवतेस, ती फाटकाशी येऊन थांबते, तू टाचा मारतेस, ती हलत नाही, थोडा वेळ झटापट होते, मग तू वैतागून म्हणतेस आजच्यापुरतं बास, तिथेच उतरतेस, तंग सैल करतेस, फाटक उघडून बार्नमध्ये नेतेस, सॅडल उतरवतेस आणि खुराक देतेस. म्हणजे फाटकाशी येऊन अडलं की काम संपतं आणि जेवण येतं हे तिला तूच शिकवलंयस, आणि अगदी चोख शिकवलंयस, ट्रेनर म्हणून तू वाईट नाहीस!

उलटं कर. फाटकाशी आली की ओरडायचं नाही, मारायचं नाही, फक्त तिथे काम सुरू: छोटी वर्तुळं, दुडकी, डावीकडे उजवीकडे वळणं, तुला झेपेल तेवढंच. मग लांबच्या कोपऱ्याकडे ने आणि तिथे लगाम सैल सोडून नुसती उभी राहा. घाम पुसायला वेळ दे. दिवस संपवायचा तो त्या लांबच्या कोपऱ्यात, तिथेच उतर, तिथेच तंग सैल कर, आणि चालत परत ये. परत आल्यावर लगेच खुराक नाही, थोडी बांधून ठेव, खरारा कर, मग काही वेळाने. ट्रेलचंही तेच, आधी वर न बसता हातात दोरी धरून चालत ने, जिथपर्यंत तिची मान खाली आहे तिथपर्यंतच जा, कान बार्नकडे वळायला लागतात त्याच्या थोडं आधीच फिर. ती अडल्यावर फिरलीस तर अडणं जिंकलं. परत आल्यावर बार्नपाशी थोडं काम, पुन्हा बाहेर, तिथे आराम. कंटाळवाणं आहे. कित्येक आठवडे लागतील आणि सोशल मीडियावर टाकण्यासारखं यात काही नाही.

सुटली तर काय, हेही आत्ताच शिकून ठेव, कारण दोन्ही लगाम जोरात ओढले की ती त्या ओढीवर जोर लावून आणखी पळते. स्नॅफल लावून, उभ्या घोडीवर बसून, एका लगामाने तिची मान हळूच बाजूला तुझ्या गुडघ्याकडे वळव, ती सैल पडली की सोड. दोन्हीकडे. मग चालताना, मग हळू दुडकीत, तिथे मानेबरोबर मागचे पाय बाजूला सरकले पाहिजेत, ते सरकले की पळायची ताकद जाते. हे हातात आणि तिच्या डोक्यात इतकं मुरलं पाहिजे की विचार करावा लागू नये. भरधाव घोडीची मान एकदम हिसक्याने वळवली तर दोघी जमिनीवर, म्हणून हे इन्स्ट्रक्टर समोर असतानाच शीक, माझं वाचून एकटीने ट्रेलवर नको.

आणि एक गोष्ट आजच कर, जमिनीवरून, कसलाही खर्च नाही. घोडीला हॉल्टर (तोंडात कडी नसलेली म्होरकी) घालून तिच्यासमोर थोडी बाजूला उभी राहा, दोरी हनुवटीखाली धर आणि मागे सरक म्हणून हलका दाब दे. हलकाच, आणि तेवढाच धरून ठेव, वाढवू नको, हिसकू नको. ती आधी मान वर करेल. सोडू नको. मग तुझ्यावरच रेलेल. सोडू नको. मग एका क्षणी तिचं वजन पुढच्या पायांवरून इंचभर मागे जाईल, पाऊल उचललेलंही नसेल, फक्त छातीचा स्नायू सैल झालेला दिसेल. त्याच क्षणी बोटं उघड, पूर्ण. ती ओठ चाटेल, जबडा हलवेल, कधी मोठा सुस्कारा टाकेल. थांब थोडं. पुन्हा. बहुतेक लोक पाऊल पडेपर्यंत दाब ठेवतात, किंवा मान वर केली की घाबरून सोडतात आणि मग तक्रार करतात की घोडा सारखी मान वर करतो. दाबाने घोडा शिकत नाही गं, तो शिकतो दाब सुटतो त्या क्षणी. क्लिनिकमध्ये चार दिवस खरं तर हेच शिकवतात, वेगवेगळ्या नावांनी. जे हे नीट शिकवत नाहीत ते स्वतःची काठी, स्वतःची दोरी आणि स्वतःच्या सहीची हॅट विकतात.

आता तुझे पर्याय बघू.

ऑक्टोबरच्या क्लिनिकला जा, पण घोडीला घरी ठेव. प्रेक्षक म्हणून बसायची फी बहुतेक ठिकाणी दिवसाला काही डझन डॉलरच असते. चारही दिवस बस, पहिला आणि शेवटचा तर चुकवूच नको. आपल्याकडे एखादे मोठे बुवा तीन दिवसांचं शिबिर घेतात आणि मागे बसून ऐकणारा कधी कधी पुढे बसून गाणाऱ्यापेक्षा जास्त घेऊन जातो, कारण त्याला स्वतःचा सूर लागतोय का याची चिंता नसते, तसंच हे. पण घरी आल्यावर रियाज तुलाच करायचाय, बुवा पुढच्या गावाला गेलेले असतात.

बसून काय बघायचं ते सांगते. ट्रेनर स्वतःच्या घोड्यावर काय करामती करतो ते बघू नकोस, ती त्याची कमाई आहे, तुला त्याचा उपयोग शून्य. तू बघ कोपऱ्यातल्या त्या बाईकडे जिचा घोडा ऐकत नाहीये. ट्रेनर तिच्याशी कसा बोलतो, तिची टिंगल करून लोकांना हसवतो का, की तिच्याच हातून एक छोटी गोष्ट करून घेतो? घोडा तिच्याकडून काढून घेऊन स्वतः चढतो आणि तिला कुंपणाशी उभी करतो का? एखादा घोडा लंगडत असेल तर त्याला बाहेर काढतो का, की फी भरलीये म्हणून चालू ठेवतो? पहिल्या दिवशी जे घोडे शेपट्या आपटत होते, तोंड उघडत होते, ते शेवटच्या दिवशी कसे दिसतायत? शांत घोडा आणि हताश होऊन गप्प झालेला घोडा यातला फरक डोळ्यांत आणि कानांत दिसतो, शांत घोड्याचे कान हलत राहतात, तो इकडे तिकडे बघतो, त्याला अजून उत्सुकता असते. आणि जेवणाच्या सुट्टीत लोकांना विचार, तू आधी कधी आला होतास, हाच घोडा होता का. तोच घोडा घेऊन पुन्हा पुन्हा येणारे असतील तर चांगली खूण.

तमाशे पण खूप आहेत, स्टेजवर काही तासांत कोरा, म्हणजे कुणीच न शिकवलेला, घोडा तयार करून दाखवतात. केंटकीत लेक्सिंग्टनला रोड टू द हॉर्स म्हणून मोठी स्पर्धा होते, तीन दिवसांत कोऱ्या घोड्याला सॅडलपर्यंत आणायचं, तिथले लोक खरोखर हुशार असतात, बघायला मजा येते. पण ते त्यांचं आयुष्यभराचं काम आहे आणि त्या घोड्यांच्या डोक्यात अजून कुणी गोंधळ घातलेला नसतो. तुझ्या घोडीच्या डोक्यात आधीच्या मालकांपासून तुझ्यापर्यंत सगळ्यांचं थोडं थोडं साठलंय.

घोडी घेऊन भाग घ्यायचा असेल तर पुढच्या वसंतात ठरव, आणि तेव्हाही नाव नोंदवताना विषय नीट बघ. गाई वळवायचं क्लिनिक, रेनिंगचं (ठरलेल्या आकृत्यांत पळवायच्या स्पर्धेचं), कोऱ्या घोड्यांचं, असे खूप प्रकार असतात. तुला पायाभूत हॉर्समनशिपचं हवंय, जिथे सकाळी जमिनीवरचं काम आणि दुपारी वर बसून असतं. तोपर्यंत ती ट्रेलरमध्ये शांतपणे चढते का, अनोळखी जागी एक रात्र राहते का, हे करून बघ, नाहीतर पहिले दोन दिवस ती मैत्रिणींच्या नावाने हाका मारण्यात घालवेल आणि तू रडण्यात. कॉगिन्स टेस्टचा (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगासाठीच्या रक्ततपासणीचा) कागद लागेल, दुसऱ्या राज्यात नेणार असशील तर व्हेटचं हेल्थ सर्टिफिकेटही, आणि लसी आधीच, आदल्या आठवड्यात नाही. गवत घरचंच न्यायचं, चारा अचानक बदलला की पोटदुखी. काही घोडे परक्या ठिकाणचं पाणी तोंडाला लावत नाहीत, म्हणून ओळखीची बादली ने. टेक्ससच्या जूनमध्ये असल्या गोष्टी करायच्याच नाहीत. आणि ट्रेनरने विचारलं काय त्रास आहे तर दोन वाक्यांत सांग, "फाटकाशी अडते, बार्नकडे पळते." लोक तिथे घोड्याच्या आजीपासून सुरुवात करतात आणि सगळ्यांची दहा मिनिटं जातात.

ती मागच्या पायांवर उभी राहते, मुद्दाम पाडते, किंवा सुटणं वारंवार होतंय, असं काही असेल (पत्रात नाही, पण तू कंसात लिहिणारी बाई आहेस) तर क्लिनिक नाहीच. तेव्हा आधी जाणकार ट्रेनर, आणि तू खाली.

इन्स्ट्रक्टरकडे दोन महिने, हा पर्याय मला तितका वाईट वाटत नाही, फक्त तिने मांडलाय तसा नाही. घोडी सोडून द्यायची आणि दोन महिन्यांनी तयार घोडी उचलायची, याने काही होणार नाही, ती पंधरा दिवसांत तुझ्या सवयींवर परत येईल. एक महिना ठरव, आठवड्यातून दोनदा तू तिथे असणार, एकदा तिला काम करताना बघणार आणि एकदा तिच्यासमोर तू बसणार, हे आधीच बोलून घे. यातले पैसे तुझ्या शिकण्यात जातात. ती याला नाही म्हणाली तर मात्र मला प्रश्न पडेल.

तिचा रुसवा मी समजू शकते, खरं सांगू. ती रोज तिथे उन्हात उभी असते, तुझी घोडी तिला माहितीये, आणि कुणीतरी बाहेरचा चार दिवस येऊन टाळ्या घेऊन जाणार. मंगळवारी तुझ्याबरोबर तीच असणार आहे. तिला सरळ सांग की मी घोडी नेत नाहीये, मी बघायला जातेय, तूही चल, तुझं तिकीट मी काढते. आली तर उत्तम, गाडीत तीन तास जाताना आणि तीन तास येताना जे बोलणं होईल ते क्लिनिकइतकंच कामाचं असेल. नाही आली तरी तिथून येऊन लगेच तिला शिकवायला जाऊ नकोस. आणि दोघांचं एकदम घोडीवर लादू नकोस. एकाचा दुडकीचा इशारा वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, दर आठवड्याला नवीन व्हिडिओ बघून तिसरंच काहीतरी, मग घोडी बिचारी जे सोपं ते करते, म्हणजे फाटकाशी जाऊन उभी राहते. निदान हा हिवाळाभर एकाचंच ऐक.

राहता राहिले तुझे अहो. विकण्याला मी पाप मानत नाही, आणि तूही मानू नकोस. कधी कधी घोडी चांगली असते, स्वार चांगला असतो आणि जोडी चुकलेली असते. विकणाऱ्याने शांत म्हटलं ते खोटंच असेल असंही नाही, रोज रँचवर काम करणारी घोडी शांत असते, आणि आठवड्यातून दोनदा बाहेर येणारी तीच घोडी वेगळी असते. माथेरानचे घोडे बघ, कुणीही नवखा बसतो, आयुष्यात पहिल्यांदा, आणि ते चालतात, कारण रोज तोच रस्ता, रोज काम, शेजारी त्यांचा घोडेवाला. तेच घोडे महिनाभर उभे करून ठेवले तर? म्हणून आधी व्हेट, मग सॅडल, मग हिवाळाभर हे जमिनीवरचं आणि फाटकाचं काम, आठवड्यातून चार दिवस तरी, थोडा थोडा वेळ. मार्चमध्ये बघ. तेव्हाही बार्नकडे गाडी वळवताना तुझ्या पोटात गोळा येत असेल तर तिच्यासाठी रोज काम देणारं घर शोध आणि स्वतःसाठी पंधरा-सोळा वर्षांचा, कशालाच न बुजणारा घोडा घे. पण दुखणं बघून झाल्याशिवाय आणि ती पळते हे घेणाऱ्याला सांगितल्याशिवाय विकायची नाही. तुला सांगितलं नव्हतं म्हणून तू पुढच्याला सांगायचं नाही, असं नको.

ऑक्टोबरला जाशील तेव्हा घडीची खुर्ची, जाड जॅकेट आणि डबा घरून ने. आच्छादलेल्या रिंगणात सकाळी चांगलंच गार असतं, आणि तिथल्या खाण्याच्या गाडीवर शाकाहारी माणसाला बटाट्याच्या चिप्सशिवाय काही मिळेल अशी आशा ठेवू नकोस. व्हेट काय म्हणाला ते कळव, आणि तारखांचंही लिही.